बंद गाळ्यात प्रदर्शन: किल्ली मिळवण्यापासून किल्ली परत करेपर्यंत

कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन कॉलेजच्या आवारात भरतं आणि बघायला येतात ते शिक्षक, मित्र आणि घरची माणसं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या तारखेसाठी चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. जिल्ह्याच्या गावात तर गॅलरी म्हणावी अशी जागाच बहुतेक वेळा नसते. त्याच गावाच्या मुख्य पेठेत मात्र दोन-चार गाळे शटर ओढून पडलेले असतात. कुठे गिऱ्हाईक मॉलकडे गेलं, कुठे मालकाला हवं तेवढं भाडं द्यायला कोणी तयार नाही, कुठे इमारत रिडेव्हलपमेंटला जायची वाट बघतेय. अशा गाळ्यात आठ-दहा दिवसांचं प्रदर्शन भरवता येतं. विद्यार्थ्यांनी ते जरूर करावं, कारण तुमचं चित्र भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाने बघितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं आहे. १९८८ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या डेमियन हर्स्ट या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन गोदीतल्या एका रिकाम्या इमारतीत 'फ्रीझ' नावाचं प्रदर्शन भरवलं. ती जागा मुलांनीच साफसूफ करून घेतली होती, आणि त्या प्रदर्शनातून पुढे ब्रिटिश कलेची एक अख्खी पिढी उभी राहिली. आपल्याकडे केरळात २०१२ साली सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेने (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) फोर्ट कोची आणि मट्टनचेरीतली जुनी गोदामं, व्यापाऱ्यांचे वाडे वापरले. २०१४ पासून तिथे विद्यार्थ्यांची स्वतंत्र बिएनालेही होते.

चित्रं तुमच्याकडे आहेतच. अवघड आहे ते गाळ्याच्या मालकाला 'हो' म्हणायला लावणं. म्हणून सुरुवात तिथून.

मालक का घाबरतो, ते आधी समजून घ्या

तुम्ही मालकाकडे जाता आणि सांगता, 'काका, गाळा तसाही रिकामाच आहे, दहा दिवस द्या.' काका चहा पाजतात आणि 'बघतो' म्हणतात. हा नकार असतो. त्याचं कारण कलेबद्दलची उदासीनता नसते. महाराष्ट्रात १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यापासून पुढे कितीतरी मालकांनी पाहिलंय की एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघत नाही. वडिलांच्या काळात पन्नास रुपये भाड्याने दिलेला गाळा आजही पागडीवाल्याकडे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आत आलेल्या जुन्या भाडेकरूकडे अडकलेला असतो. ज्याच्या घरात असा खटला चाललाय, तो माणूस तुमच्या हातात किल्ली सहजासहजी देणार नाही. त्याची ही भीती रास्त आहे, आणि ती तुम्ही कागदावर दूर करायची आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराचं उदाहरण इथे नीट बघण्यासारखं आहे. १९९९ साली तिथला पोलादाचा मोठा कारखाना बंद झाला. पुढे मुख्य रस्त्यावरची दुकानं ओस पडत गेली. २००८ साली मार्कस वेस्टबरी यांनी 'रिन्यू न्यूकॅसल' नावाची संस्था काढली. त्यांनी ना इमारती विकत घेतल्या, ना सरकारकडून मोठा निधी आणला. मालकांसमोर त्यांनी साधा प्रस्ताव ठेवला: जागा भाडेपट्ट्याने देऊ नका, फक्त वापरायची परवानगी द्या, तीस-तीस दिवसांची, खरा भाडेकरू मिळाला की आम्ही बाहेर. मालकाचा हक्क तसूभरही कमी होत नव्हता, म्हणून दारं उघडली. चित्रकार, कारागीर, छोटे प्रकाशक त्या दुकानांत आले. दोन-तीन वर्षांत प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या 'लोनली प्लॅनेट'ने २०११ साठी जगातल्या दहा बघण्याजोग्या शहरांत न्यूकॅसलचं नाव घातलं.

आपल्याकडे यासाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे नेमकं हेच. परवानाधारकाला जागेवर कोणताही हक्क मिळत नाही, फक्त ठरलेल्या मुदतीपुरती वापरण्याची मुभा मिळते. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये लायसन्सची व्याख्याच तशी आहे. मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत आत बसलेला माणूस सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात. हे मालकाला तुम्हीच सांगा. 'तुमच्या सोयीसाठी आपण नोंदणी करू, खर्च आमचा,' एवढं एक वाक्य बोललात की समोरच्याचा चेहरा बदलतो.

कोणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं

मालक कोण हे पाटीवरून कळत नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारा. बहुधा किल्लीही त्याच्याकडेच असते. मग मालकाला एकच प्रश्न आधी विचारा: या गाळ्यावर आणखी कोणाचा हक्क आहे का? पागडीचा भाडेकरू असेल तर दोघांचीही संमती लागेल. भावाभावांत वाटणीचा दावा चालू असेल, किंवा शटरवर बँकेची नोटीस चिकटवलेली असेल, तर जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्या. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतले गाळेही पुष्कळदा रिकामे असतात, पण त्यासाठी मालमत्ता विभागात अर्ज, मग फाईल, मग सह्या असा लांबचा प्रवास असतो. पहिल्या खेपेला खासगी मालकच बरा.

पहिल्या भेटीला चित्रं घेऊन जाऊ नका, एक पान घेऊन जा. त्यावर कॉलेजचं नाव, जबाबदार शिक्षकांचं नाव, तारीख कधीपासून कधीपर्यंत, रोजची वेळ, आणि किल्ली परत देण्याची तारीख ठळक अक्षरांत. प्राचार्यांच्या सहीचं पत्र सोबत असलं तर फारच चांगलं. करारावर सही करणारा अठरा वर्षांवरचा हवा. शक्य असेल तर ती सही कॉलेज किंवा शिक्षकांच्या नावाने व्हावी.

काय दाखवणार आहात, तेही मालकाला आधी दाखवा. नग्नचित्र असेल, धर्मावर किंवा राजकारणावर भाष्य करणारं काम असेल, तर ते लपवून आत नेणं हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. त्याला पटलं नाही तर वेगळी जागा शोधा, पण उद्घाटनाच्या दिवशी त्याला धक्का देऊ नका. त्या गल्लीत त्याला पुढची वीस वर्षं राहायचं असतं.

तारीख पंचांग बघून ठरवा

हे मी अगदी व्यवहार म्हणून सांगतोय. जून ते सप्टेंबर पावसामुळे बाद. दसरा-दिवाळीच्या आधी रिकाम्या गाळ्यालाही भाव असतो; कपड्यांचे सेल, फराळाचे, आकाशकंदिलांचे स्टॉल तिथे लागतात, आणि मालकाने ते उत्पन्न तुमच्यासाठी का सोडावं? पण पौषात नवीन दुकानाचा मुहूर्त सहसा कोणी करत नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी एवढ्या काळात नवा भाडेकरू येण्याची शक्यता कमी असते, भिंती कोरड्या असतात, संध्याकाळी लोक आनंदाने बाहेर पडतात. गाळा मागण्यासाठी वर्षातला याहून चांगला महिना नाही. काही मालक उद्घाटनाचाही मुहूर्त बघतात. तसं असेल तर त्यांच्या कलाने घ्या, चार दिवस पुढे-मागे करा.

बाजाराचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस कोणता, तेही विचारून घ्या. त्या दिवशी गल्ली सुनसान असते.

गाळा बघायला जाताना

दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोनदा जा. सोबत मोजपट्टी, टॉर्च आणि गावातला एखादा अनुभवी वायरमन असू द्या.

आत गेल्यावर आधी भिंतीला हात लावा, तोही खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. बोटांना गार लागलं, रंगाची खपली सुटून हातात आली, पांढरी भुकटी दिसली, तर ती ओल आहे. अशा भिंतीवर कागदावरचं काम लावायचं नाही. तीन दिवसांत कागद लाटेसारखा फुगतो. वर माळा असेल तर त्याच्या लाकडाला वाळवी आहे का बघा. जुन्या कापड दुकानांत भिंतीभर रॅक ठोकलेले असतात. ते काढायची परवानगी मिळत नसेल तर पुढून पांढरी कनात ताणता येते, किंवा रॅकच मांडणीसाठी वापरता येतात. मातीकाम, छोटी शिल्पं, वह्या त्यात फार छान बसतात.

मग भिंतीची लांबी मोजा. दहा बाय पंधरा फुटांचा गाळा धरू. शटरची बाजू सोडली तर पंधरा, पंधरा आणि दहा अशी चाळीस फूट भिंत मिळते. दोन फूट रुंदीचं चित्र आणि दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळी जागा, म्हणजे एका चित्राला साडेतीन फूट. चाळीस भागिले साडेतीन: अकरा चित्रं. वर्गात तीस मुलं आहेत आणि प्रत्येकाची दोन लावायची आहेत, हे गणित इथेच मोडतं. एकतर दोन गाळे घ्या, नाहीतर निवड करा. चित्रं एकावर एक रचून लावली की एकही दिसत नाही. निवडीसाठी बाहेरच्या एका चित्रकाराला बोलवा. मित्रांनी मित्रांची चित्रं गाळली की कटुता येते आणि ती प्रदर्शन संपल्यावरही टिकते.

शटरचा प्रश्न

परदेशातल्या दुकानांना काचेची मोठी खिडकी असते, त्यामुळे दार बंद असलं तरी रस्त्यावरून आतलं दिसतं. आपल्या गाळ्याला लोखंडी शटर. ते खाली आलं की सगळं संपलं. म्हणून तिकडच्या कल्पना जशाच्या तशा उचलू नका.

त्यातून वाट अशी काढता येते. शटर उघडं असताना संपूर्ण दर्शनी भागच खुला असतो, दहा फूट रुंद आणि आठ-नऊ फूट उंच. एवढी उघडी चौकट कुठल्याही बंदिस्त गॅलरीला नसते. मागच्या भिंतीवर मधोमध तुमचं सगळ्यात मोठं, लांबून ओळखू येणारं काम लावा आणि त्याच्यावर सगळ्यात चांगला उजेड पाडा. रस्ता ओलांडणाऱ्याला तेच दिसणार आहे. बारीक रेषेची, जवळून बघायची कामं बाजूच्या भिंतींवर. रात्री शटर बंद झाल्यावर त्याच्या बाहेरच्या बाजूचाही उपयोग करा: लोखंडी शटरला लोहचुंबक चिकटतं, त्यामुळे प्रदर्शनाचं नाव आणि वेळ लिहिलेला फलक रंग न लावता, भोक न पाडता लावता येतो. सकाळी शटर वर ढकलायच्या आधी तो काढायला विसरू नका, नाहीतर गुंडाळताना अडकेल.

गाळा पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारनंतर थेट ऊन आत येतं. जलरंग आणि छपाईची कामं त्या झोतातून बाहेर ठेवा.

वीज

रिकाम्या गाळ्याचं मीटर बहुधा कापलेलं असतं, आणि कधी मागच्या भाडेकरूची थकबाकीही असते. त्यावर सगळे सुचवतात ते म्हणजे शेजारच्या दुकानातून वायर ओढणं. ते करू नका. एका जागेसाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या जागेत वापरणं वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापरात मोडतं, आणि दंड त्या भल्या शेजाऱ्याला होतो. मालकामार्फत महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा आणि तो महिनाभर आधी करा.

वीज लागते फार थोडी. नऊ वॉटचे वीस एलईडी दिवे रोज सात तास, दहा दिवस: सगळे मिळून १२.६ युनिट. जोडणी कोणत्याही कारणाने झालीच नाही तर एवढा भार इन्व्हर्टर आणि बॅटरीवरही भागतो, रोज रात्री बॅटरी चार्ज करायला न्यावी लागेल इतकंच. दिवे पिवळसर पांढरे घ्या, निळसर पांढऱ्या उजेडात त्वचेचे आणि मातीचे रंग मेल्यासारखे दिसतात. दिवा चित्राच्या अगदी डोक्यावर नको, समोरूनही नको. छताकडून तिरका, उभ्या रेषेशी साधारण तीस अंशांचा कोन करून आला की काचेवर चमक येत नाही. वायरी उघड्या लोंबू देऊ नका. दाराजवळ आग विझवायचं एबीसी पावडरचं सिलिंडर ठेवा, आणि टर्पेंटाइनची बाटली प्रदर्शनाच्या जागेत आणूच नका.

भिंत आणि खिळा

आधी झाडून, जाळी काढून, भेगांत लांबी (पुट्टी) भरून, मग पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात. रंग वाळायला पुरते दोन दिवस द्या. ओल्या रंगावर टेकलेली फ्रेम भिंतही खराब करते आणि चित्रही.

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर येईल असं बघा. बहुतेकांची नजर तिथेच पडते. गाळ्याची फरशी अनेकदा उताराची असते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी जमिनीपासून मोजत बसलात तर ओळ वाकडी येईल. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी आणा, तीनही भिंतींवर ५७ इंचांची एकच रेघ खडूच्या दोरीने मारून घ्या आणि मग त्या रेघेवरून मोजा. खिळा किती उंचीवर ठोकायचा त्याचं गणित सोपं आहे: ५७ मध्ये चित्राच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, आणि मागची तार ताणल्यावर फ्रेमच्या वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं वजा करा. चोवीस इंच उंचीचं चित्र, तार तीन इंच खाली, म्हणजे ५७ अधिक १२ वजा ३, खिळा ६६ इंचांवर. हे एकदा हाताला बसलं की अकरा चित्रं एका दुपारी लागतात.

जुन्या चुन्याच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही, भोक मोठं होत जातं. ड्रिलने भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) बसवा आणि स्क्रू मारा. किती भोकं पाडणार ते मालकाला आधी सांगा. नको म्हणाला तर छताजवळच्या जुन्या हुकांना आडवा लोखंडी पाइप बांधून त्यावरून तारेने चित्रं सोडता येतात.

प्रत्येक चित्राखाली छोटं लेबल: नाव, माध्यम, आकार, किंमत. मराठीत, आणि चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. 'लिनोकट' म्हणजे काय (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला छाप) हे पेठेतल्या सगळ्यांना माहीत नसतं, तिथे एक ओळ खुलाशाची घाला. शक्य असेल तर लिनोचा कोरलेला ठोकळाच छापाशेजारी ठेवा. लोक त्यावरून बोट फिरवतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात.

कागदपत्रं, थोडक्यात

वॉर्ड ऑफिसला आणि जवळच्या पोलीस चौकीला प्रदर्शनाची माहिती देणारं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रस्त्यावर फलक, कमान लावायची असेल तर महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना फलक लावणं विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा आहे. लाउडस्पीकर टाळाच. प्रत्येक चित्राचा फोटो, माप आणि किंमत असलेली यादी दोन प्रतींत करा, आणि प्रत्येक कलाकाराची सही घ्या.

विक्री होणार असेल तर पैशांचं आधी ठरवा. व्यावसायिक गॅलऱ्या विक्रीतला मोठा वाटा घेतात. विद्यार्थ्यांनी आपल्या सामाईक खर्चासाठी दहा-पंधरा टक्के ठेवावेत, बाकी चित्रकाराला. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही, तो लेखी लिहून दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. कोणी चित्र घेऊन त्याची कॅलेंडरं छापतो म्हणाला, तर त्याचा वेगळा व्यवहार करा.

गल्लीला आपलंसं करा

उद्घाटनाला पुढारी बोलावू नका. तो उशिरा येतो, सोबत दहा माणसं आणतो, फोटो काढतो आणि एकही चित्र न बघता जातो. त्या गल्लीतला सगळ्यात जुना दुकानदार शोधा आणि त्याच्या हातून शटर उघडा. त्याचं घर, त्याचे ओळखीचे, शेजारचा सोनार, समोरचा भांडीवाला, सगळे येतील. आणि पुढचे दहा दिवस तुम्ही जेवायला गेलात तर लक्षही तेच ठेवतील. तुमच्या पाहुण्यांच्या दुचाक्या त्यांच्या दुकानांपुढे लागणार नाहीत, हे मात्र बघा. शेजाऱ्यांशी तंटा झाला तर तो यावरूनच होतो.

वेळ दुपारी चार ते रात्री नऊ बरी, सुट्टीच्या दिवशी सकाळीही. लोक उंबऱ्याशी थबकतात. पैसे आहेत का, चपला काढायच्या का, आपल्याला समजेल का, असे प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतात. म्हणून बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा: 'या, बघा. तिकीट नाही.' आणि स्वयंसेवकाला आत मोबाईल बघत बसवण्यापेक्षा दाराबाहेर उभं करा, येणाऱ्याशी दोन शब्द बोलायला. पाळी दोघांची ठेवा, कोणीही एकट्याने गाळा सांभाळू नये. अभिप्रायाची वही असू द्या, पण लोक काय बोलतात तेही ऐका. एखाद्या सुताराने फ्रेमचा जोड चुकलाय म्हणून दाखवलं, तर त्याच्याकडून ते शिकून घ्या.

आवरताना

शेवटच्या दिवसानंतर दोन पूर्ण दिवस हातात ठेवूनच कराराची मुदत धरा. पहिल्या दिवशी चित्रं उतरवून यादीशी ताडून ज्याची त्याला सहीनिशी परत. दुसऱ्या दिवशी गिट्ट्या काढून भोकं लांबीने भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचा हात द्यायचा. गाळा घेतला तेव्हाचे फोटो समोर ठेवून तपासा. मालकाला बोलावून सगळं दाखवा, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहा, आणि किल्ली दिल्याची पावती घ्या. हे ठरल्या तारखेलाच. लोकांचा प्रतिसाद फार चांगला आहे, अजून चार दिवस मिळतील का, असं विचारायचा मोह होईल. विचारू नका. तुम्ही वेळेवर बाहेर पडलात ही बातमी पेठेत पसरते, आणि पुढचा गाळा त्या बातमीवर मिळतो.

आठवड्याच्या आत हिशोब सगळ्यांना वाटा. मालकाला प्रदर्शनाचे पाच-सहा फोटो छापून द्या, त्यात त्याच्या गाळ्याचा उजळलेला दर्शनी भाग असलाच पाहिजे. भाडेकरू शोधताना त्याला तो कामी येतो. आणि त्याच भेटीत त्याच्याकडून चार ओळींचं पत्र मागून घ्या: मुलांनी जागा नीट वापरली, वेळेवर परत केली. करार, वीजजोडणीचा अर्ज, मोजमापांचा कागद आणि हे पत्र एका फाईलीत लावून कॉलेजच्या ग्रंथालयात द्या, पुढच्या वर्षीच्या मुलांना ती मालकासमोर ठेवता येईल.